युग्मकनिर्मिती वर्गात कशी शिकवावी

मानवी युग्मकनिर्मितीचा (म्हणजे प्रजननपेशी तयार होण्याचा) तास फळ्यावर शुक्रपेशी आणि अंडपेशी शेजारी शेजारी काढून सुरू करण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी आधी अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे दोन टप्प्यांचे पेशीविभाजन, विद्यार्थ्यांच्या हातून करवून घ्यावे, कारण ४६ गुणसूत्रांची २३ नेमकी कोणत्या टप्प्यावर होतात हे उमगले नाही, तर त्या आकृत्या केवळ पाठांतराचा विषय होतात.

प्रत्येक गटाला लाल व निळी लोकर द्यावी. लाल धागे आईकडून आलेली गुणसूत्रे आणि निळे वडिलांकडून आलेली असे ठरवून, दोन्ही रंगांचा एकेक लांब व एकेक आखूड धागा घ्यायला सांगावा. (तेवीस जोड्यांचा हट्ट धरल्यास तास गुंता सोडवण्यातच संपतो.) प्रत्येक धाग्याशी तसाच दुसरा धागा मध्यभागी सैल गाठीने बांधावा, हे द्विगुणन. मग लांब लाल व लांब निळी गुणसूत्रे शेजारी आणून प्रत्येकाच्या एका धाग्याचे टोक कापावे आणि लालचे टोक निळ्याला, निळ्याचे लालला बांधावे. सख्खी भावंडे एकसारखी का नसतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या गाठीत दिसतो.

आता खडूने दोन वर्तुळे काढून प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र एका वर्तुळात व दुसरे दुसऱ्यात ठेवावे आणि तिथेच थांबून गुणसूत्रे मोजायला लावावीत. गाठीने जोडलेले दुहेरी धागे मिळून एकच गुणसूत्र धरायचे असल्याने प्रत्येक वर्तुळात दोन भरतात; म्हणजे संख्या पहिल्याच विभाजनात निम्मी होते. ती दुसऱ्या विभाजनात होते असे अनेक मुले धरून चालतात, म्हणून ही मोजणी घाईने उरकू नये. दुसऱ्या विभाजनात फक्त गाठी सुटतात.

यानंतर वृषण आणि अंडाशयातील फरक सांगावा. वृषणात चार समान शुक्रपेशी होतात. अंडाशयात जवळपास सगळा पेशीद्रव एका अंडपेशीला मिळतो व बाकीचे लहान ध्रुवीय पिंड ठरतात. शुक्रपेशींची निर्मिती पौगंडावस्थेत सुरू होते, तर मुलीच्या अंडाशयातील विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होऊन पहिल्या टप्प्यात थबकते आणि दुसरे विभाजन शुक्रपेशी आत शिरल्यावरच पूर्ण होते. अवयवांची नावे घेताना शिक्षकांनी आवाज खाली आणू नये. वर्गातले हसू बहुधा तिथूनच सुरू होते.

लोकर गोळा करण्यापूर्वी एका गटाला पहिल्या विभाजनात एक जोडी न विलगता एकाच वर्तुळात ठेवायला सांगावे व मानवी युग्मकात असे घडल्यास किती गुणसूत्रे येतील हे विचारावे. उत्तर २४ किंवा २२ असे येते, आणि २१ व्या जोडीचा उल्लेख करून, त्या जोडीत एक गुणसूत्र जास्त आल्याने होणाऱ्या डाऊन सिंड्रोमकडे वळता येते.