स्मॅशचा खांदा मोजायला जाताना

घरून निघायच्या आधी एका कागदावर एकच प्रश्न लिहा. आपल्याला खांद्याचं नेमकं काय हवंय? हात किती वर गेला, हे? दंडाचं हाड स्वतःभोवती किती फिरलं, हे? की कुठल्या स्नायूवर किती ताण आला, ते? तिन्हींची तयारी वेगळी. पहिल्याला एक मोबाइल आणि तिपाई पुरते. तिसऱ्यात अज्ञात जास्त आणि समीकरणं कमी, म्हणून ओपनसिमसारखं सॉफ्टवेअर 'शरीर कमीत कमी कष्टात काम उरकतं' असं धरून उत्तर काढतं. ते उत्तर मोजलेलं नसतं, मानलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवून खुशाल वापरा. पण बॅडमिंटनच्या स्मॅशमध्ये खरी गोम मधल्या प्रश्नात आहे. ही यादी त्याच्यासाठी.

गोम काय, हे आम्ही अख्खी सकाळ वाया घालवून शिकलो. खेळाडूच्या खांद्यावर, कोपरावर आणि मनगटावर एकेक टिकली लावली (खरोखरची टिकली, बायका लावतात ती, दहाव्या मिनिटाला घामानं गळाली), दोन मोबाइल लावले आणि चाळीस स्मॅश घेतले. घरी येऊन बघतो तर फूल (म्हणजे शटल) रॅकेटला लागतं नेमक्या त्याच क्षणी दंडाच्या फिरण्याचा आलेख बेडकासारखा उड्या मारतोय. स्वयंपाकघरातलं लाटणं उभं धरून जागच्या जागी फिरवा, लांबून काही कळत नाही. त्याला एक काडी आडवी बांधा, लगेच कळतं. खांदा आणि कोपर हे दोन बिंदू म्हणजे नुसतं लाटणं. कोपर वाकलेलं असतं तोवर पुढचा हात काडीचं काम करतो; पण फटक्याच्या क्षणी कोपर जवळपास सरळ होतं, म्हणजे हवी तेव्हाच काडी गायब. वर मनगटाकडचा हात पालथा होतो तेही त्यातच मिसळतं, आणि कुठलं फिरणं कुणाचं हे सांगता येत नाही.

म्हणून सामानात पहिल्या नंबरला ही काडी: तीन टिकल्या लावलेली हलकी कडक पाटी, रुंद इलॅस्टिकवर शिवलेली. इलॅस्टिक सोलापूरच्या नवी पेठेत मिळून जाईल. पाटीला सनबोर्डचा तुकडा घ्या, पुठ्ठा नको, घामानं मऊ पडतो. ती बेटकुळीवर बांधू नका. तिथली कातडी आणि मांस हाडाबरोबर पूर्ण फिरत नाहीत, मागे रेंगाळतात, आणि दंड फिरला त्यापेक्षा बराच कमी फिरल्यासारखा दिसतो. कोपराच्या चार बोटं वर बांधा. दुसरी पाटी मनगटाच्या वर. मग दंडाचं आणि पुढच्या हाताचं फिरणं वेगवेगळं निघतं.

धडावरच्या खुणा चार: मान पुढे वाकवल्यावर बोटाला सगळ्यात उठून लागणारा सातवा मणका, पाठीचा आठवा मणका, गळ्याखालची खाच आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक. ही निवड आमची नव्हे, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्सनं २००५ साली ठरवून दिलेली आहे. कोन सांगायचा क्रमही तिथलाच: हात कुठल्या पातळीत, मग किती वर, मग स्वतःभोवती किती. हात सरळ खाली सोडून उभं राहिलं की यातला पहिला आणि तिसरा कोन एकमेकांत विरघळतात आणि आलेख तिथेही भरकटतो. ती चूक चित्रीकरणाची नाही, घाबरून पुन्हा शूटिंग करत बसू नका.

खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडलं त्यानुसार हात पूर्ण वर नेताना १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या मूळ सांध्यात होतात आणि ६० फऱ्यामुळे. पण फरा कातडीखाली सरकतो आणि वर चिकटवलेली टिकली जागेवरच राहते. हात डोक्याकडे गेला की तिच्यावर भरवसा नाही. मोबाइलच्या भरवशावर फरा मोजायला जाऊ नका. 'धडाच्या तुलनेत दंड' एवढंच मोजा आणि लिहितानाही तेवढंच म्हणा.

आता कॅमेरे. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, टेनिसच्या सर्व्हिसचं चित्रीकरण करून मोजलं तेव्हा पुरुष खेळाडूंचा दंड आतल्या बाजूला सेकंदाला दोन हजार अंशांहून जास्त वेगानं फिरत होता. सोयीसाठी २४०० धरा. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या मोबाइलवर एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत हात ८० अंश फिरून मोकळा; २४० चित्रांवर १० अंश. तेव्हा स्लो मोशन २४० वर, एक्सपोजर हातानं ठरवून, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. इथे हॉलचे दिवे आडवे येतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात. आदल्या दिवशी जाऊन दहा सेकंदांचा नमुना घ्या. पट्टे आले तर हॉल बदला किंवा खिडकीकडचं कोर्ट मागा.

वेळ सकाळी सहा ते आठ, आणि एप्रिल-मे असेल तर याला पर्याय नाही. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली मोबाइल तापून स्वतःच बंद पडतो, आणि गरम हवेत फूलही लांब जातं. पंखे बंद ठेवायला सांगायचं, म्हणजे हॉल सांभाळणाऱ्या काकांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवायचं, नाहीतर "का ओ, शूटिंग हाय का?" इथून सुरुवात होते आणि अर्धा तास जातो. त्यांना शटल म्हटलं तर ते कापड विणायच्या मागाच्या धोट्याकडे वळतात (त्यालाही शटलच म्हणतात), फूल म्हणा.

दोन मोबाइल जुळवायला टाळी वाजवू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक मोबाइल टाळीपासून दोन मीटरवर आणि दुसरा नऊ मीटरवर असेल तर २० मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळपास पाच चित्रांचा फरक पडतो. बॅटरीचा झोत दोघांना दिसेल असा एकदा लावून विझवा. मोजमापाचा बुद्धिबळ-पट (काळ्या-पांढऱ्या घरांचा तक्ता, तो दोन्ही मोबाइलना दाखवला की त्यांची जागा आणि अंतरं काढता येतात) फ्लेक्सवर छापू नका, सुरकुत्या पडतात. सनबोर्डवर सपाट चिकटवा आणि छापून आल्यावर घराची बाजू पट्टीनं मोजा, कारण दुकानदार कागदात बसवायला आकार जरासा लहान करतो आणि सांगत नाही. पट दाखवून झाल्यावर तिपाईला कुणाचा पाय लागला तर सगळं पुन्हा. तिपाईच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी मारा.

खेळाडू अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची सही आदल्या दिवशी. मुलगी असेल तर टिकल्या लावायला बरोबर बाई हवी, आणि पाठ मोकळी असणारा कपडा कुठला चालेल हे तिनं ठरवायचं. खांदा दुखतो का, आधी विचारा. दुखत असेल तर तो खेळाडू नको. कातडी स्पिरिटनं पुसा. आडवं झोपवून दंड काटकोनात ठेवून दोन्ही खांदे आत-बाहेर किती फिरतात ते कोनमापकानं लिहून घ्या. खेळत्या हाताला बाहेर जास्त आणि आत कमी, असं बहुतेकदा निघतं.

मग अंग गरम करू द्या, हात मोठ्या गोलात फिरवून घ्या (खांद्याचं केंद्र यावरूनच काढायचंय), एकदा कोपर काटकोनात ठेवून स्थिर उभं करा, आणि मग स्मॅश. चाळीस नकोत. बारा चांगले बस झाले, मध्ये बसायला वेळ देऊन.

निघण्याआधी एक स्मॅश तिथेच लॅपटॉपवर टाका आणि फटक्याच्या आधीची पाच आणि नंतरची पाच चित्रं एकेक करून बघा. दंडावरच्या पाटीच्या तिन्ही टिकल्या दोन्ही मोबाइलमध्ये दिसतायत का? खेळाडूची आई बाहेर गाडीवर थांबलेली असते. त्यांना म्हणा, ताई, पाच मिनिटं. पाटी तेवढ्यात सोडू नका.