किलोभर कॉफी भाजणारं स्वयंचलित यंत्र: जुळणीआधीची तयारी

चिखलदऱ्यातल्या एक-दोन एकरांच्या कॉफीबागेला मोठं यंत्र लागत नाही. एका वेळी किलोभर हिरवी, म्हणजे न भाजलेली बी भाजली तरी पुरे. एवढी बी साधारण दीड लिटर जागा घेते आणि भाजताना फुगते, म्हणून ड्रम आतून 20 सेंमी व्यासाचा नि 25 सेंमी लांबीचा करून घ्या. फेऱ्या मिनिटाला 55 ते 60. त्या 95 च्या आसपास गेल्या की बिया भिंतीला चिकटून फिरतात आणि करपतात. फार कमी झाल्या तर तळाशी घसरत राहून एकाच अंगाने डागाळतात. गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर जवळपास याच गतीने फिरते, भंगारातही मिळते. तीच घ्या, कारण ती थेट बॅटरीवर चालते.

हा मुद्दा आम्ही सगळ्यात वर ठेवतो. भाजणी ऐन रंगात असताना वीज गेली आणि ड्रम थांबला, तर तापलेल्या पत्र्यावर बी पेट घेते. त्यामुळे मोटर आणि कंट्रोलर (तापमान वाचून ज्योत सांभाळणारं सर्किट) दोन्ही 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हवेत. गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) मात्र वीज गेली की आपोआप बंद होणाराच असावा. ड्रमच्या दांड्याला हँडल बसवायची सोय ठेवा.

बर्नर 3 किलोवॉटचा. बॅचला सुमारे 50 ग्रॅम गॅस जातो, त्यातली बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते.

तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) आणि त्याचा संकेत आकड्यात बदलून कंट्रोलरला देणारं मॅक्स 6675 चं मॉड्यूल. फिरताना ड्रमची जी बाजू वर चढते, तिकडे बियांचा ढीग साचतो. पुढच्या झाकणातून सेन्सरचं टोक त्या ढिगात चार-पाच सेंमी बुडालं पाहिजे. ते उघडं राहिलं तर बियांचं नव्हे, हवेचं तापमान दिसतं. अमेरिकी रंगसंकेतात थर्मोकपलची लाल तार ऋण असते. ती धन समजून जोडली की भट्टी तापते तसा आकडा खाली जातो. आकडा नुसता नाचत असेल तर सेन्सरची तार मोटरच्या तारेपासून लांब घ्या.

थंड करायची जाळीची परात आणि खालून हवा ओढणारा पंखा भाजणीआधीच चालवून पाहा. चार मिनिटांत बी हाताला कोमट लागली पाहिजे, नाहीतर ती परातीतही भाजत राहते. सुटणारं साल गोळा करायचा डबा दर बॅचनंतर रिकामा करा. साल फार लवकर पेटतं.

शेवटी बी. ओलावा 10 ते 12 टक्के आहे ना, हे मीटरवर बघा. ओली बी भाजायला वेळ खाते आणि सगळं वेळापत्रक चुकवते. पहिल्या बॅचना ज्योत हाताने कमी-जास्त करा, यंत्राला फक्त नोंदी घेऊ द्या. पहिला तडतडाट, म्हणजे बी तडकल्याचा आवाज, 196 ते 200 अंश सेल्सिअसदरम्यान ऐकू यावा. मध्यम भाजणीत किलोची 840 ते 860 ग्रॅम उरते. हे दोन्ही आकडे लागोपाठ तीन बॅचना जुळले, की मगच ज्योतीचा ताबा कंट्रोलरकडे द्या.