डार्टमूरच्या माळावर मुक्काम : गाडी कुठे, तंबू कुठे

इंग्लंडमधील डार्टमूरच्या उघड्या माळरानावर गाडीने जाऊन मुक्काम करायचा असेल, तर आखणी गाडीपासूनच सुरू करावी. कारण येथील मुभा पाठीवर सामान घेऊन चालत जाणाऱ्याला आहे, गाडीत झोपणाऱ्याला नाही. ही मुभा १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्यातून मिळते, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मान्य केले. मात्र ती सगळ्या माळाला लागू नसल्याने डार्टमूर राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाचा नकाशा आधी पाहावा.

गाडी वाहनतळावरच ठेवावी आणि रात्रीसंबंधीचा फलक नीट वाचावा. तंबू रस्त्यापासून किमान १०० मीटर दूर, रस्त्यावरून दिसणार नाही असा लावावा. एका जागी दोन रात्रींहून अधिक राहू नये.

उत्तरेकडील माळावर लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. दिवसा लाल निशाण किंवा रात्री लाल दिवे दिसले, तर त्या हद्दीत पाऊल टाकू नये. सरावाच्या वेळा निघण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. जाळ करण्यास मनाई असल्याने चुलीवरच्या पिठल्याचा मोह आवरावा आणि छोटा गॅस स्टोव्ह न्यावा. गालिच्यासारखे मऊ, पोपटी शेवाळ दिसले की तेथे तंबू लावण्याचा विचारही करू नये, कारण खाली दलदल असते.