ईव्ही बॅटरीची पेटंटं देशवार मोजताय? या चुका टाळा

ईव्ही बॅटरीत कोणता देश पुढे, हे ठरवायला एस्पेसनेट किंवा पेटंटस्कोप ही पेटंट शोधायची संकेतस्थळं उघडायची, दोन शब्द टाकायचे आणि आलेले आकडे देशवार मांडून मोकळं व्हायचं, अशी सर्रास पद्धत आहे. तक्ता झकास दिसतो, पण त्यावर विसंबू नये.

चीनचा आकडा आभाळाला टेकला

आधी पेटंटच्या क्रमांकामागचं अक्षर बघा. चिनी कागदावर 'यू' असेल तर ते युटिलिटी मॉडेल, म्हणजे छोट्या सुधारणांसाठीचं हलकं पेटंट: मुदत १० वर्षं, आणि सखोल परीक्षणाशिवाय मिळालेलं. पॅकचं झाकण, मॉड्यूलची पट्टी, कूलिंगची नळी असल्या बारीकसारीक सुधारणा त्यात भरपूर. भारतात आणि अमेरिकेत हा प्रकारच नाही, मग तुलना कशाशी करणार? ते वगळून फक्त इन्व्हेन्शन पेटंटं, म्हणजे नेहमीची पूर्ण पेटंटं घ्या. त्यातही अनुदानाच्या आशेने केलेले अर्ज असतात. ही अनुदानं २०२५ पर्यंत बंद करायचं चीनच्या पेटंट कार्यालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

दुसरी चाळणी पेटंट फॅमिलीची, म्हणजे एकाच शोधाच्या सगळ्या देशांतल्या अर्जांच्या गटाची. एकच शोध पाच देशांत नोंदवला तर तो एकदाच मोजायचा, आणि निदान दोन देशांत गेलेलेच शोध धरायचे. युरोपीय पेटंट कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था यांच्या २०२० च्या अहवालात असंच मोजलं, तेव्हा २०१४ ते २०१८ मधल्या लिथियम-आयन शोधांत जपानचा वाटा सुमारे ४१ टक्के निघाला. अर्थात, फक्त घरच्या बाजारासाठी माल काढणाऱ्या चिनी कंपन्या या चाळणीतून गळतात. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी ठेवतो.

शोध नक्की कुठल्या देशाचा?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. एटीएल या बॅटरी कंपनीचं मोठं काम चीनमधल्या निंगदे शहरात, पण २००५ पासून मालकी जपानच्या टीडीकेकडे. शोधकाच्या पत्त्यावरून मोजलं तर चीन, मालकावरून मोजलं तर जपान. तिच्यातूनच २०११ मध्ये निघालेली सीएटीएल मात्र चिनी. दोघींच्या पूर्ण नावात 'अँपेरेक्स' आहे, त्यामुळे तेवढाच शब्द टाकलात तर दोन्हींची खिचडी होते. देशाची ताकद बघायची तर शोधकाचा पत्ता धरावा, असं माझं मत. काहीही धरा, पण तक्त्याखाली ते लिहा. कंपनीवार बघत असाल तर मात्सुशिता आणि पॅनासॉनिक, एलजी केम आणि एलजी एनर्जी सोल्यूशन ही जुनी-नवी नावं आधी जोडून घ्या.

शब्द टाकले, भलतंच सापडलं

पेटंट लिहिणारे 'ईव्ही बॅटरी' क्वचितच लिहितात. जपानी अर्जांत 'नॉन-अ‍ॅक्वियस इलेक्ट्रोलाइट सेकंडरी बॅटरी' (पाणी नसलेल्या इलेक्ट्रोलाइटची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी) असतं. म्हणून शब्दांऐवजी वर्गीकरण कोड, म्हणजे पेटंटला विषयानुसार दिलेले क्रमांक, वापरा: लिथियम-आयनसाठी एच०१एम १०/०५२५. त्यात मोबाइलच्या बॅटऱ्याही येतात, म्हणून वाहनातल्या बॅटरी नियंत्रणाचा बी६०एल ५८ वेगळा बघा. सेलच्या आवरणाचा एच०१एम २ हा कोड २०२१ पासून एच०१एम ५० झाला आहे.

शेवटी आलेख कोसळतो

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे अलीकडचे अर्ज मोजणीत आलेलेच नसतात. शेवटची दोन वर्षं कापून टाका.

पेटंट तिथेच कारखाना, हे गृहीतक

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीची मूळ पेटंटं अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाशी आणि कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेकशी जोडलेली. चिनी उत्पादकांना देशांतर्गत वापरापुरती परवाना फी माफ होती, आणि २०२२ च्या सुमारास ती पेटंटं संपलीही. आज एलएफपी सेल बहुतांशी चीनमध्येच बनतात.