तंबाखू सोडायची तर आधी खिसा बदला

तंबाखू सोडायला आलेला माणूस समोर बसला की मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. बोलता बोलता उजवा अंगठा डाव्या तळव्यावर घासायला लागतो. तळव्यात काही नसतं आणि त्याचा त्यालाही पत्ता नसतो. समुपदेशनाचं काम मी तिथून सुरू करते.

अंगठ्याला हे शिकवलं मेंदूतल्या डोपामाइनने. ते नुसतं सुखाचं रसायन, असा समज आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांनी वेगळंच दाखवलं. सुरुवातीला रस तोंडात पडला की त्यांच्या डोपामाइनच्या पेशी उसळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे उमगल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षा गप्प व्हायच्या.

तंबाखूतलं निकोटिन मेंदूत ॲसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या जागा बळकावून डोपामाइन वाढवतं. चुन्यामुळे तर ते गालातून आणखी झपाट्याने रक्तात उतरतं. त्याच्या आधी रोज जे घडतं, म्हणजे जेवणानंतरची चूळ, टपरीवरचा चहा, डबी उघडल्याचा टक्क आवाज, ते सगळं दिवा होऊन बसतं. ही सांगड पक्की करण्यात ग्लुटामेट या मेंदूतल्या आणखी एका रसायनाचा मोठा वाटा.

म्हणून सोडायची तारीख धरण्याआधी तीन-चार दिवस नुसतं लिहा. तंबाखूच्या प्रत्येक बाराआधी कुठे होतात, कोण सोबत होतं, नेमकं काय झालं? ‘टेन्शन आलं’ लिहू नका, ते सगळेच सांगतात. ‘साहेबांचा फोन ठेवला आणि हात खिशात गेला’ असं हवं. मशेरी लावणाऱ्या बायकांची वही बहुधा सकाळीच भरते, कारण पोट साफ होण्याशी मशेरीची गाठ बसलेली असते. त्यांनी रात्री पालेभाजी आणि उठल्यावर कोमट पाणी सुरू करावं.

मग दिवे हलवा. पुडी घरात नको, गाडीच्या डिकीतही नको. जुन्या डबीत बडीशेप भरा, असं लोक सुचवतात. मला ते मुळीच पटत नाही, डबी हाच तर दिवा! बडीशेप कागदात बांधा आणि दुसऱ्या खिशात ठेवा. जेवण झालं की लगेच दात घासा. तलफ आली की उठून चालायला लागा, काही मिनिटांत ती ओसरते. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड फार होते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

निकोटिनचं च्युइंगगम घेणार असाल तर दोन मिलिग्रॅमचं की चारचं, ते डॉक्टरांना विचारा. ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत बसायचं नाही. हळूहळू चावा, झिणझिणलं की गालात धरा. गालात धरणं तुम्हाला शिकवायला नकोच. चहानंतर पंधरा मिनिटं मात्र थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

महिन्याभराने सुटली असं वाटेल. पण जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्यावर नवं चढतं, आणि तेही ज्या जागी शिकलात तिथेच जास्त घट्ट असतं. पुण्यात सुटलेली तंबाखू गावच्या जत्रेत, पारावर कोणी मळून हात पुढे केला की परत लागते ती यामुळे. तो हात कोणाचा असणार हे तुम्हाला ठाऊक असतं. निघण्याआधीच त्याला फोन करा, ‘सोडलीय रे, मला विचारू नकोस’ म्हणून सांगा. मध्येच अडलात तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.