ट्रेक-कॅम्पवाल्यांनो, लायबिलिटी पॉलिसी काढताना नेमकं काय बघायचं

जूनचा पहिला आठवडा, भंडारदऱ्याला काजव्यांचा सीझन, रात्रीचे साडेदहा. काजवे दिसावेत म्हणून लाईट आम्हीच बंद केलेले आणि टॉयलेटकडे निघालेल्या एक काकू तंबूच्या दोरीत पाय अडकून पडल्या, मनगट मोडलं. ना कडा, ना रॅपलिंग, ना धबधबा, साधी तंबूची दोरी! दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. मी निवांत होतो कारण आपल्याकडे पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (आपल्या चुकीने बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) आहे ना, दरवर्षी न चुकता पैसे भरतो. ड्रॉवरमधून काढून बघतो तर बिझनेसच्या रकान्यात 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स' आणि जागेच्या रकान्यात माझ्या पुण्यातल्या ऑफिसचा पत्ता. म्हणजे तीन वर्षं मी दहा बाय बाराच्या खोलीचा विमा उतरवत होतो, जिथे वर्षाला वीस माणसं पण येत नाहीत. कंपनीने अर्थातच हात वर केले, आणि खरं सांगायचं तर कागदावर त्यांचं चूक नव्हतं.

एजंटने तेव्हा फोनवर काय सांगितलेलं ते अजून आठवतं, "दादा, ट्रेकिंग-रॅपलिंग लिहिलं की फाईल वर पाठवावी लागते, प्रीमियम पण वाढतो, टूर्स टाकतो, चालून जातं." मी पण हो म्हटलं. तर पहिलं काम हेच, की प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, एजंटला भरू द्यायचा नाही, स्वतः भरायचा. वर्षभरात जे जे करता ते सगळं लिहा, एक दिवसाचा ट्रेक, नाईट ट्रेक, कॅम्पिंग, वॉटरफॉल रॅपलिंग, झिपलाईन, कयाकिंग, शेकोटी आणि जेवण सुद्धा (जेवणातून विषबाधा झाली तर ते बऱ्याचदा वेगळं कव्हर असतं, आधीच विचारून घ्या). जागा कुठल्या, वर्षाला किती पार्टिसिपंट, शाळेची मुलं असतात का, उलाढाल किती, आधी काही अपघात झालाय का. लपवलेली एक गोष्ट नंतर क्लेम नाकारायला पुरते. आणि कॅम्पची जागा बदलत असेल तर 'फक्त या पत्त्यावर' अशी पॉलिसी कामाची नाही, ठिकाणांची यादी जोडून घ्या किंवा महाराष्ट्रभर चालेल असं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा अट) मागा, लेखी.

आता नावांचा घोळ. ऑनलाईन शोधलं की १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट समोर येतो, तो आपल्यासाठी नाही. तो भोपाळनंतर आला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांना सक्ती करणारा. आपल्याला हवी ती नॉन-इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी, म्हणजे तुमच्या हलगर्जीमुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं आणि कायद्याने भरपाई तुमच्या गळ्यात पडली तर ती कंपनी देते, वकिलाचा खर्च पण त्यातच धरतात. यात तुमचा स्वतःचा स्टाफ येत नाही, त्यांच्यासाठी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची वेगळी पॉलिसी. पायथ्याच्या गावातून रोजावर घेतलेला गाईड आणि फ्रीलान्स लीडर कशात बसतात हे कंपनीला मेलवर विचारा नाहीतर तो दोन्हीकडून बाहेर राहतो. पार्टिसिपंटची पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी हा तिसरा प्रकार, त्यात चूक कुणाची हे न बघता ठरलेली रक्कम मिळते. आपल्यातले अर्धे लोक ही काढतात आणि पोस्टरवर 'इन्शुरन्स इन्क्लुडेड' लिहून मोकळे होतात, पण तिने तुमच्यावरची केस थांबत नाही. शिवाय साध्या ॲक्सिडेंट पॉलिसीत ॲडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात, ते पण वाचून घ्या. गाडीचा अपघात यात अजिबात नाही, त्याला गाडीचा थर्ड पार्टी विमा लागतो. पांढऱ्या नंबर प्लेटची ओळखीची गाडी भाड्याने नेणाऱ्यांनी तर आजच विचार करा.

लिमिट बघताना दोन आकडे असतात, एका अपघाताला किती आणि पूर्ण वर्षाला किती. 'एक कोटीची पॉलिसी' म्हणून विकतात पण प्रमाण एकास चार असेल तर एका अपघाताला पंचवीस लाखच मिळणार. रोप बांधलेला अँकर सुटला आणि दोन माणसं एकदम पडली तर तो एकच अपघात, पंचवीस लाख दोघांत मिळून. वर एक्सेस असतो, म्हणजे पहिली काही रक्कम तुमच्या खिशातून. त्यामुळे एका अपघाताचा आकडा मोठा घ्या, वर्षाचा थोडा कमी चालेल असं माझं मत. कोटेशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हे पण हिशोबात धरा. शुक्रवारी रात्री गाडी निघणार आणि दुपारी एजंट म्हणतोय 'झालं समजा', तर नाही झालं. प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी.

सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते म्हणजे क्लेम्स-मेड. आपल्याकडच्या बहुतेक लायबिलिटी पॉलिसी अशाच असतात, म्हणजे तुमच्यावर दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू पाहिजे. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षं मिळतात आणि २०१९ च्या नव्या कायद्यामुळे तक्रारदार स्वतःच्या जिल्ह्यात केस करू शकतो, म्हणजे नागपूरचा पाहुणा राजमाचीला पडला तरी तारखेला तुम्ही नागपूरला. समजा अपघात जून २०२४ चा, तुम्ही २०२५ मध्ये धंदा मंदावला म्हणून पॉलिसी सोडली आणि तक्रार आली मे २०२६ ला, तर खेळ खल्लास. म्हणून खंड पडू द्यायचा नाही, आणि कंपनी बदललीत तर जुनी रेट्रोॲक्टिव्ह डेट (ज्या तारखेपासूनचे अपघात धरले जातात ती) पुढे चालू ठेवायला सांगायची, ती शेड्यूलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, छापून आली का बघायची.

एक्सक्लूजनची, म्हणजे कशाला विमा लागू नाही त्याची, पानं कंटाळवाणी आहेत पण चहा घेऊन बसा आणि वाचा. 'हॅझार्डस स्पोर्ट्स' वगळलेत का, दारू प्यायलेल्या पार्टिसिपंटचं काय, कायदा किंवा सरकारी आदेश मोडून केलेली ॲक्टिव्हिटी. हे शेवटचं पावसाळ्यात फार महत्त्वाचं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश आले. अशा बंदीत मागच्या वाटेने ग्रुप नेलात तर कंपनी सोडा, पोलीस आधी येतील. मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दंड किंवा जेल कुठलीच पॉलिसी भरत नाही. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २४ ऑगस्ट २०२१ च्या जीआरने आलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती नसेल तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

इन्डेम्निटी फॉर्म ('काही झालं तर आयोजक जबाबदार नाही' असा) सही करून घेतो, मग टेन्शन काय, असं म्हणणारे खूप भेटतात. तो फॉर्म घ्याच, पण धोक्याची कल्पना दिली होती याचा पुरावा म्हणून. रोप जुना होता तर त्या सहीने तुमची हलगर्जी माफ होत नाही. मराठीत करा, बसमध्ये टॉर्चच्या उजेडात नको, आदल्या दिवशी पाठवा. त्यासोबत रोप-हार्नेस कधी घेतले, किती वेळा वापरले याचं साधं रजिस्टर ठेवा. मी दोनशे पानी वहीच वापरतो, क्लेमची तपासणी करायला येणाऱ्या सर्व्हेयरला एक्सेल शीटपेक्षा ती जास्त पटते.

तुम्ही कोलाडचं राफ्टिंग पॅकेजमध्ये विकता पण राफ्ट दुसऱ्याचा, तर पैसे तुम्ही घेतलेत म्हणून नोटीस तुम्हालाही येणारच. त्याच्या पॉलिसीची कॉपी घ्या, तारीख बघा, जमलं तर त्यात तुमचं नाव घालून घ्या. 'आहे हो आमची' यावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि अपघात झालाच तर आधी माणूस, दवाखाना. मग त्याच दिवशी कंपनीला मेल, केस होणार नाही असं वाटलं तरी. जागेचे फोटो, लीडरचं लेखी म्हणणं, साक्षीदारांचे नंबर. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमची चूक झाली, सगळा खर्च आम्ही देतो' असं टाकू नका. वाईट वाटतं, मला पण वाटलं होतं, मी टाकलं होतं. पण कंपनीच्या परवानगीशिवाय चूक कबूल केली किंवा परस्पर सेटलमेंट केली तर क्लेम अडकतो, पॉलिसीत तशी अटच असते. विचारपूस करा, सोबत जा, पैशाचं मात्र कंपनीशी बोलून. क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा, मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे तीस दिवसांत काही झालं नाही तर विमा लोकपाल. एकट्याची प्रोप्रायटरशिप असेल तर तिथे जाता येतं आणि फी लागत नाही.

काकूंचं प्रकरण मी खिशातूनच मिटवलं. आता तंबूच्या प्रत्येक दोरीला रेडियमची पट्टी आहे, तीस रुपयाला रोल मिळतो.