किल्लीचा सेल संपला म्हणून गाडीची काच फोडू नका

रविवारी भर दुपारी जोतिबाच्या डोंगरावर, पार्किंगमध्ये, मी माझ्याच गाडीभोवती चोरासारखा घिरट्या घालत होतो. दर्शन झालेलं, आईचे पाय दुखत होते, नारळ-गुलालाची पिशवी बायकोच्या हातात आणि बटण दाबून दाबून माझा अंगठा लाल. गाडी ढिम्म. मेव्हण्यानं तोवर दोन मार्ग काढले होते: मागची छोटी काच फोडायची, नाहीतर कोल्हापुरातून टोइंगची गाडी मागवायची. शेजारच्या वडापचा, म्हणजे सवारी भरून नेणाऱ्या जीपचा, ड्रायव्हर तंबाखू मळत हे सगळं बघत होता. शेवटी तो म्हणाला, "भावा, किल्लीतली किल्ली काढ की."

त्या दिवसापासून या विषयात मी जरा जास्तच डोकं घातलंय. ओळखीत कुणाची गाडी अशी अडली की फोन मला येतो, आणि चुका त्याच त्याच असतात.

सेल संपला म्हणजे किल्ली मेली, असं समजणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. बटण-स्टार्ट गाडीच्या किल्लीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. लांबून दार उघडणारा रिमोट, त्याला सेल लागतो. पोटात दडवलेलं धातूचं पातं, त्याला अर्थातच काही लागत नाही. आणि इंजिन चालू करायची परवानगी देणारी चिप. गंमत म्हणजे या चिपलाही सेल लागत नाही. स्टार्ट बटणाभोवती तारेचं वेटोळं असतं. किल्ली त्याला चिकटवली की वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला पुरेशी वीज मिळते आणि ती आपली ओळख गाडीला सांगते. दुकानात टॅप करून पैसे देतो त्या कार्डात कुठं सेल असतो? तसंच हे.

तेव्हा किल्लीच्या कडेची छोटी खिट्टी सरकवून पातं ओढून काढा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. आत बसून ब्रेक दाबा, हातानं गिअर टाकायची गाडी असेल तर क्लचही. मग किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत किल्लीनंच बटण दाबलं तरी चालतं. काहींत मात्र किल्ली टेकवायची जागा स्टिअरिंगच्या खांबाजवळ किंवा मधल्या कप्प्यात असते. मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण मॅन्युअल असतं डॅशबोर्डच्या कप्प्यात आणि कप्पा असतो बंद दाराच्या आत.

सायरनला घाबरून परत दार लावणं

पात्यानं दार उघडलं की अनेक गाड्यांचा अलार्म वाजतो. गाडीच्या दृष्टीनं तुम्ही चोरच. डोंगरावर आमचा सायरन सुरू झाला तेव्हा मेव्हणा दोन पावलं मागं सरकून आमचा नसल्यासारखा उभा राहिला. घाबरायचं नाही. आत बसून वर सांगितल्याप्रमाणे गाडी चालू केली की आवाज बंद होतो.

काही गाड्यांत कुलपाचं भोकच दिसत नाही, हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली ते लपवलेलं असतं. शिवाय ते वर्षानुवर्षं न वापरल्यानं घट्ट होतं. त्यात गोडेतेल सोडू नका, धूळ धरून बसतं. ग्राफाइटची पूड मारा, आणि चार-सहा महिन्यांतून एकदा पात्यानं दार उघडून बघा.

खाली शहरात आल्यावर इंजिन बंद करायलाही लोक घाबरतात. एकानं गाडी चालूच ठेवून, बायकोला आत बसवून, महाद्वार रोडच्या गर्दीत सेल शोधला. गरज नव्हती. एकदा जशी चालू झाली तशीच परत होते. फक्त उतरल्यावर पात्यानं लॉक करायला विसरू नका.

"गोल सेल द्या" म्हणणं

घड्याळवाल्याकडे गोल सेल दहा प्रकारचे असतात. किल्ल्यांमध्ये बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो, पण काहींत २०२५, १६२० असेही निघतात. हे आकडे म्हणजे सेलचं माप आहे. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. दोघांचाही दाब ३ व्होल्ट, म्हणून दुकानदार "चालतंय की" म्हणतो. चालतं, दोन दिवस. मग पातळ सेल आत हलतो आणि खड्ड्यागणिक संपर्क तुटतो. त्याखाली चांदीचा कागद घडी घालून ठेवायचा जुगाड मी पाहिलाय. तो कागद सरकला तर सेल शॉर्ट होतो. जुना सेल खिशात घालून जा आणि त्यावरचाच आकडा मागा. सुटा, डब्यात एकमेकांवर घासत पडलेला सेल घेऊ नका. सीलबंद पाकीट घ्या, तारीख बघा.

उघडताना घाई

डोंगरावरून आल्यावर मी घरी किल्ली उघडली ती भाजी चिरायच्या सुरीनं. टवका उडाला, तो अजून दिसतो. पातं काढल्यावर तिथंच एक खाच दिसते. तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर टोकाला कापड गुंडाळून घालायचा आणि हळूच पिळायचा. कट्ट आवाज आला की दोन भाग सुटतात. आत सेलच्या कडेला गुलाबी रेघ दिसली. गुलाल! रबरी बटणांच्या फटीतून आत गेलेला, पत्र्याच्या बारीक पट्टीवर बसलेला. कोरड्या मऊ ब्रशनं तो झाडला. पट्टी वाकवायची नाही, तिच्या ताणावरच सगळा संपर्क असतो.

अधिक चिन्ह कुठल्या बाजूला आहे ते जुना सेल काढण्याआधीच बघून ठेवा. नवा सेल कडेनं धरा, धातूच्या चिमट्यानं दोन्ही बाजू एकदम पकडू नका. सेल बदलल्यावर किल्ली परत गाडीशी जोडून घ्यावी लागते असा समज आहे. बहुतेक किल्ल्यांची ओळख सेल काढल्यानं पुसली जात नाही, त्यामुळं आधी नुसतं बटण दाबून बघा.

नवा सेल घालूनही गाडी उघडत नाही

आधी दुसरी किल्ली आणून बघा. तीही चालेना तर संशय गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. पात्यानं दार उघडल्यावर आतला दिवाही लागला नाही, तर किल्लीच्या सेलचा दोष नाही. दुसरी किल्ली चालली, तर पहिलीतला सेल उलटा बसलाय का, पट्टी दबलीय का ते बघा. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप असतो, तो कधीकधी संपर्क अडवतो. असा सेल बदलून साधा घ्या. आणि किल्ली मोबाइलला, चार्जरला चिकटून ठेवली असेल तर ती दूर नेऊन परत बघा. तिचा सिग्नल मुळातच दुबळा असतो.

पावसाळ्यात किल्ली भिजली तर सेल लगेच काढा आणि पूर्ण वाळेपर्यंत घालू नका. भट्टीसारख्या गरम हवेचा ड्रायर नको, पंख्याखाली ठेवा.

सेल संपायच्या आधी किल्ली सांगत असते. पूर्वी गेटमधून उघडणारी गाडी आता दारात उभं राहून दोनदा दाबल्यावर उघडते, डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह येतं. आपण सही-सलामत घरी पोचतो आणि विसरतो. अनेक गाड्यांत किल्ली गाडीच्या अगदी जवळ राहिली तर दोघांची सतत बोलणी चालू राहतात आणि सेल लवकर उतरतो. आमचा खिळा नेमका पार्किंगलगतच्या भिंतीवर होता. आता किल्ली आतल्या खोलीत असते.

राहिला जुना सेल. किल्लीला पुरा न पडणारा सेलही लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. म्हणून काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, गाठा किंवा जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल ते, आणि जाताना सेलचं रिकामं पाकीट बरोबर न्या.